पट्ट्यांचा पंचनामा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी किसनभाऊ शाळेत आले नाहीत. अकरा वाजता त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, "बाई, बाबा सकाळी गेले." मी पहिलीच्या वर्गात जाऊन पोरांना घरी जायला सांगितलं.

किसनभाऊ 'वाघ' हा शब्द तोंडातून काढत नसत. त्यांची सगळी नोकरी वनरक्षकाची. जंगलात त्याचं नाव घेतलं की तो येतो, असं आमच्या गावात सगळेच मानतात. तिथे तो 'मामा'. पण बाकीचे लोक गावात परतले की बिनदिक्कत नाव घेतात. किसनभाऊ शाळेच्या चार भिंतींतही घेत नसत. आणि निवृत्तीनंतर दर शनिवारी ते पहिलीला जे पुस्तक वाचून दाखवायचे, ते नेमकं वाघाचं होतं. त्यातला वाघ नदीवर आंघोळ करतो, पट्टे धुऊन वाळत घालतो आणि माकड ते पळवून नेतं.

व्हायचं ते झालं. एकदा साहेब तपासणीला आले. त्यांनी फळ्यावर 'वाघ' लिहिलं. वर्ग एका सुरात म्हणाला, "मामा." साहेबांनी 'वाघाची शेपटी' लिहिलं. "मामाची शेपटी." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खडूकडे पाहिलं. मागच्या भिंतीपासून किसनभाऊ म्हणाले, "बरोबर वाचलं सायेब. तुम्ही एक डाव जंगलातून सडकेपर्यंत पायी जा, मंग तुम्ही बी तसंच वाचसान." साहेब चहा न घेता जीपमध्ये बसले.

चित्रकारांवर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता. चिखलातल्या पंजाला पुस्तकात पाच बोटं होती. किसनभाऊंनी एक बोट पांढऱ्या रंगाने बुजवलं. "मामाचे चारच उमटतेत. पोट्टे उद्या जंगलात चुकतीन ना, बाई." नवीन पुस्तकं ते चंद्रपूरहून आणायचे, दातांच्या डॉक्टरकडे जातो असं घरी सांगून. तोंडात एकही दात उरला नव्हता, तरी वर्षातून चारदा जायचे.

गोष्ट संपली की खिशातलं पेन निघायचं. "चला, पंचनामा करू. स्थळ?"

"नदी."

"गेलेला माल?"

"पट्टे."

"साक्षीदार कोण?"

सगळे हात वर व्हायचे.

"तू कुठी होता रे?"

"झाडावर."

"मंग माकड तूच. बस खाली."

हात वर न करणारी एकच, रोशनी. आदल्या वर्षी तिचे वडील मोहफुलं वेचायला गेले आणि त्यांना वाघाने मारलं. ते पुस्तक निघालं की ती उठून व्हरांड्यात जाऊन बसायची. मी म्हटलं, "भाऊ, दुसरं पुस्तक घ्या ना."

"दुसरं घेतलं त बसन ती, बाई. पण जंगल त इथंच हाये ना जी. उद्या तिले सरपणाले जा लागते. जलमभर भेत जाईन का?"

मग ते दर शनिवारी खुर्ची थोडी दाराकडे सरकवू लागले. पावसाळा संपेपर्यंत खुर्ची उंबऱ्याला लागली. पुस्तक व्हरांड्याकडे, पाठ वर्गाकडे. पोरं माझ्याकडे तक्रार करायची, "बाई, आमाले किसनभाऊचं डोस्कंच दिसते."

एका शनिवारी त्यांनी विचारलं, "साक्षीदार कोण?" आणि बाहेरून आवाज आला, "मी."

किसनभाऊंनी मान वर केली नाही. "काय पाह्यलं?"

"मामा उघडा बसून राह्यला."

"मंग?"

"त्याले थंडी वाजून राह्यली. चादर द्या त्याले."

वर्ग हसला. मग रोशनीही हसली, आणि तिला हसू आवरेना.

"लिवतो," किसनभाऊ म्हणाले. पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

सुट्टी झाल्यावर ते हापशीवर कितीतरी वेळ तोंड धूत होते. मी टॉवेल घेऊन गेले.

"हिच्या बापाचा पंचनामा मीच लिवला होता, बाई," ते म्हणाले. "तवा तो शब्द लिवा लागला. तवापासून तोंडातून निघतच नाई. लोकायले वाटते, म्हातारा रिवाज पाळते." त्यांनी टॉवेल घडी करून परत दिला. "ते पोट्टी काय भेत होती. भेत त मी होतो."

रोशनी आता चौथीत आहे. शनिवारी पहिलीला तेच पुस्तक ती वाचून दाखवते. मी पोरांमध्ये खाली बसून ऐकते.