वसुधाताई आणि इजिप्तची गादी

भूल देताना बाकीचे डॉक्टर पेशंटला आकडे मोजायला लावतात. आमच्या वसुधाताई राजे मोजायला लावतात. "म्हणा माझ्यामागून, पहिला थुटमोस, दुसरा थुटमोस..." त्यानंतर गादीवर कोण बसलं हे ऐकायला जागा राहिलेला पेशंट आयर्लंडात अजून जन्मायचाय. एका आयरिश आजोबांनी तर शुद्धीवर येताच विचारलं म्हणे, "मग, गादी मिळाली कुणाला?"

मिळाली हतशेप्सुतला, दुसऱ्या थुटमोसच्या राणीला. सावत्र मुलगा लहान, म्हणून त्याच्या नावानं कारभार बघायला बसली आणि बघता बघता खोटी दाढी लावून स्वतःच राजा झाली! ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी त्याच मुलानं, तिसऱ्या थुटमोसनं, देवळांवरचं तिचं नाव छिन्नीनं खरवडून काढलं. हे मी कुठे वाचलेलं नाही हं. इथे आयर्लंडात, आमच्या लिक्सलिप गावात ताईंच्या शेजारी राहिलं की आपोआप पाठ होतं. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायला जावं आणि अर्धं राजघराणं ऐकून परत यावं.

गणपती मंडळाच्या भांडणात कुणाला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं की ताई टाळी मागणार, "छिन्नी चालली गं बाई!" माझ्या नवऱ्याच्या प्लांटमध्ये मॅनेजर बदलला तरी पहिला प्रश्न, "आधीच्याची पाटी काढली का?" मला वाटायचं, बाई एकटी राहते, डोक्यावर परिणाम झाला असेल. जळो माझी जीभ!

मी २०१६ साली इथे आले ती निखिलची दुसरी बायको म्हणून. पहिली, सई, आजारपणात गेली. लेक इरा आठ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. भूक लागली का? "आय'म ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, ठीक आहे, काही नको. बागेत जाऊया? "आय'म ग्रँड." मला दुसरं काही नको होतं हो. पोरीनं मला आपलं म्हणावं, एवढंच.

आणि मीच माती खाल्ली. स्वयंपाकघरातलं कपाट आवरायला काढलं. डब्यांवर जुनी, तेलकट लेबलं होती, ती गरम पाण्यात भिजवून खरवडली आणि नवी छापील चिकटवली. शाळेतून आल्यावर इरा कपाटासमोर थिजून उभी राहिली. "दॅट वॉज मम्माज रायटिंग," म्हणाली आणि खोलीत गेली. पुढे दोन दिवस 'ग्रँड'सुद्धा ऐकू आलं नाही.

मी रडतच ताईंकडे गेले.

"म्हणजे छिन्नी चालवलीस की गं," त्या म्हणाल्या. मग पाठमोऱ्या उभ्या राहून चहाचं आधण ठेवता ठेवता बोलल्या, "मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा माझा रोहन चार वर्षांचा होता. सावत्रच. लहानाचा मोठा केला. नागपूरला लग्न झालं त्याचं, पत्रिकेत फक्त त्याच्या आईचं नाव. माझं कुठेच नाही."

"राग नाही आला?"

"आला ना! न यायला मी काय देव आहे? लोक म्हणतात तिसऱ्या थुटमोसनं सूड उगवला. अगं, सुडासाठी कुणी वीस वर्षं थांबतं का? त्याला आपल्या मुलाची गादी पक्की करायची होती. पोरांची काहीतरी अडचण असते. आपण वाढवायचं काम करावं, नाव मागू नये. ऊठ आता. पोरीला तिच्या आईचं अक्षर परत द्यायचंय."

निखिलनं सईच्या हातच्या वाणसामानाच्या याद्या जपून ठेवल्या होत्या, हे मला त्या दुपारी कळलं. ताईंनी इराला शेजारी बसवलं. एकेक शब्द वाचून दाखवला, तिच्याकडूनच कापून घेतला, डब्यांवर लावून घेतला. मेथी मात्र एकाही यादीत सापडेना. इरानं बराच विचार केला आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तू लिही," म्हणाली. चक्क मराठीत! ताईंचे हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

हिंगही सापडत नव्हता. ते लेबल इरानं ताईंना दिलं आणि बजावलं, "अँड पुट युअर नेम ऑन इट, आजी."

ताई पेन हातात धरून बसून राहिल्या. एकही राजा आठवला नाही त्यांना. मग 'हिंग' लिहिलं आणि खाली, अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात 'वसुधा'.