निळ्या कुंडीची धास्ती

मोठ्या साहेबांनी रविवारी चहाला बोलावलं, तेव्हा माळीबुवांनी एक लहानसाच निर्णय घेतला. साहेबांच्या घरात असेपर्यंत हात खिशातून बाहेर काढायचे नाहीत.

'माळीबुवा' हे त्यांना ऑफिसात पडलेलं नाव. नोकरीने ते हेडक्लार्क होते, पण जीव सगळा बाल्कनीतल्या कुंड्यांत. चहाचा चोथा गोळा करत ते सकाळी बिल्डिंगभर दारोदार फिरायचे. (नव्याने राहायला आलेल्या एका बिऱ्हाडाला त्यांची दया आली आणि त्यांनी आत बसवून चांगला कपभर चहा पाजला. तो माळीबुवांनी घेतला आणि वर चोथाही मागून घेतला.) बायकोला एकदा सणकून ताप आला, तर त्यांनी तिच्या कपाळाला बोट लावून, "कोरडं पडलंय, पाणी घालायला हवं," असं निदान केलं होतं. बायकोने त्यावर काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण खरी खोड वेगळीच होती. कुंडीत तण दिसलं की त्यांना राहवत नसे. कुंडी कुणाची का असेना! दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले आणि बाहेरच्या कुंड्या साफ करण्यात असे रमले, की नंबर येऊन गेला आणि दाढ तशीच राहिली. एका ओळखीच्यांकडे भेटायला गेले होते, घरातलं माणूस गेलं म्हणून. तिथे दारातच गुडघे टेकून कुंडीत वाकले. घरच्यांना वाटलं, दुःखाने कोसळले. दोघांनी धरून आत नेलं, पाणी दिलं. माळीबुवांच्या मुठीत गवत होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

साहेबांकडे मात्र असलं काही होऊन चालणार नव्हतं, कारण डोक्यावर बदलीची टांगती तलवार होती. लांब डोंगरात नवीन शाखा निघाली होती आणि तिथे एक माणूस पाठवायचा होता, एक तर कॅशिअर नाही तर माळीबुवा. माळीबुवांना थंडीची भीती नव्हती, कामाची नव्हती. भीती होती ती तिथल्या क्वार्टरची. एकाच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं, की त्या क्वार्टरला बाल्कनी नाही. गॅलरी नाही. खिडकी आहे, पण ती उघडली की समोर हातभरावर गोदामाची भिंत. ऊन असं आत येतच नाही. हे ऐकल्यापासून माळीबुवांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आपल्या गुलाबांचं काय होणार, या विचाराने ते झोपेत दचकून उठत.

"अहो, हे बघा," निघताना बायको म्हणाली, "साहेबांना म्हणे झाडांचं वेड आहे. तुम्ही फक्त 'वा, वा' म्हणायचं. कुणाच्या कुंडीत बोटं घालायची नाहीत."

"अगं, हात खिशात. हवं तर खिसे शिवून टाक."

शिवायला हवे होते, असं तिला नंतर किती वेळा वाटलं!

साहेबांचं घर मोठं, आणि गच्ची तर बघत राहावी अशी. ओळीने कुंड्या, सगळ्या पुसलेल्या. साहेब स्वतः ऑफिसात वाघ. त्यांच्या केबिनमधून बाहेर आलेला माणूस आधी पाणी पितो आणि मग बोलतो. पण गच्चीवर ते एका जास्वंदीला "काय गं, आज जेवली नाहीस?" असं विचारत होते. माळीबुवांना जरा धीर आला. बायको आत बाईसाहेबांशी बोलत बसली होती. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"बघा तुम्ही निवांत, आलोच," म्हणत साहेब आत गेले.

माळीबुवा एकटे राहिले. हात खिशात. एक कुंडी पाहिली, दुसरी पाहिली. कोपऱ्यात एक निळी कुंडी होती. माती अशी काळीभोर, भुसभुशीत, की लोण्यावरून फिरवावा तसा हात फिरवावा. आणि त्या सोन्यासारख्या मातीत मधोमध काय, तर तण! साधंसुधं नव्हे, एकदा शिरलं की घरमालकासारखं राहणारं. माळीबुवांनी मान फिरवली. पुन्हा बघितलं. ते तण त्यांच्याकडे बघून मुद्दाम ताठ उभं आहे, असं त्यांना वाटलं.

उजवा हात केव्हा बाहेर आला, हे त्यांना खरंच कळलं नाही. चिमटीत धरलं, जरा हलवलं आणि मुळासकट अलगद वर काढलं. मूळ जराही तुटलं नाही, याचा त्यांना अभिमानही वाटला. टाकायला जागा दिसेना, म्हणून खिशात घातलं.

"माळीबुवा!" दारातून साहेबांचा आवाज आला. "त्या निळ्या कुंडीला हात लावू नका हं! ती दाखवायलाच तुम्हाला बोलावलंय. माझा मेहुणा डोंगर चढतो, त्याने पार वरच्या शिखराजवळून बी आणलंय. वर्षभर काही नाही, आणि आता रुजलंय! रोज पट्टीने मोजतो मी त्याला. थांबा, भिंग घेऊन येतो."

माळीबुवांच्या पायाखालची गच्ची सरकली.  डोळ्यांपुढे गोदामाची ती भिंत उभी राहिली. त्यांनी घाईघाईने खिशातलं रोप बाहेर काढलं, तर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकून त्याने मान टाकली होती. हे परत लावून उपयोग नव्हता. आणि माळीबुवांना एक क्षणही असं वाटलं नाही, की आपले डोळे बरोबर असतील. साहेब एकदा 'दुर्मीळ' म्हणाले, की त्यांच्यापुढे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची पद्धत ऑफिसात नव्हती.

आता काय? त्यांनी वेड्यासारखं चहूकडे पाहिलं. पाण्याच्या पाइपाजवळ भिंतीच्या फटीत एक तण उगवलं होतं. दिसायला तंतोतंत तसंच! ते उपटलं, कुंडीत खोचलं, अंगठ्याने माती दाबली आणि मान टाकलेल्या रोपासकट हात पुन्हा खिशात घातले.

साहेब भिंग घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. 

"आज जरा वेगळं दिसतंय," साहेब म्हणाले.

"ल... लाजलं असेल, साहेब. नवीन माणूस बघून."

साहेबांनी भिंगातूनच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा तो एक प्रचंड डोळा माळीबुवांना पुढे कित्येक दिवस दिसत होता.

"अगदी माझ्या मनातलं बोललात," साहेब म्हणाले.

घरी आल्यावर माळीबुवांनी सगळं बायकोला सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली, आणि हे इकडे त्या मलूल रोपाच्या सेवेला लागले. त्याला सगळ्यात चांगली कुंडी दिली, त्यासाठी एका गुलाबाला बेघर केलं. चमच्याने पाणी पाजलं. उन्हात छत्री धरली. "तू जग रे बाबा," असं ते त्याला रोज म्हणायचे, आणि त्यात भक्तीपेक्षा भीतीच जास्त होती. रोप जगलं. नुसतं जगलं नाही, चांगलं फोफावलं.

ऑफिसात मात्र त्यांचा रोज जीव जायचा. सकाळी शिपाई येऊन म्हणायचा, "साहेबांनी बोलावलंय," आणि माळीबुवा टेबलाचे खण आवरायला घ्यायचे. आता उघडकीला आलं, असं समजून ते देवाचं नाव घेत केबिनमध्ये शिरायचे. साहेब दार लावून घ्यायचे आणि हळूच सांगायचे, "आज नवीन पान आलंय."

"वा, वा," माळीबुवा म्हणायचे आणि बाहेर येऊन पाणी प्यायचे.

त्यांना एकच धास्ती होती. तण ते तण, कधीतरी फुलणार. ते क्षुद्र पिवळं फूल बघितलं, की साहेबांना सगळं कळणार. आणि एके दिवशी साहेब स्वतःच त्यांच्या टेबलाशी आले. सगळं ऑफिस उठून उभं राहिलं.

"कळी आलीय!" साहेब म्हणाले. "रविवारी या. पुढच्या आठवड्यात कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकही येणार आहेत बघायला. आणि हो, तुमच्या त्या बदलीचंही बोलू."

प्राध्यापक! माळीबुवा खुर्चीवर मटकन बसले. साहेबांना फसवता येईल, पण प्राध्यापकाला? आता एकच मार्ग उरला होता. खरं रोप परत त्याच्या जागी लावायचं. रविवारी त्यांनी घरचं रोप मातीच्या गोळ्यासकट पिशवीत घातलं, वर टॉवेल टाकला.

"अहो, पकडले गेलात तर?" बायकोने विचारलं.

"पकडला गेलो नाही तरी डोंगरात जाणारच आहे," माळीबुवा म्हणाले. भीतीने माणूस कधी कधी खरं बोलून जातो.

साहेबांचा फोन त्याही रविवारी वाजला. ते आत गेले आणि माळीबुवांनी निळ्या कुंडीकडे धाव घेतली. पिशवीतलं रोप बाहेर काढलं, आणि दुसरा हात कुंडीतल्या रोपाला घालणार तोच मागून दबक्या आवाजात हाक आली.

"थांबा! हात लावू नका त्याला!"

बाईसाहेब होत्या. हातात चहाचा ट्रे होता. माळीबुवांनी सरळ हात जोडले. (हातात रोप होतं, त्यामुळे ते रोपालाच नमस्कार केल्यासारखं दिसलं.)

"बाईसाहेब, मला माफ करा. तुमचं ते डोंगरावरचं रोप मागच्या खेपेला मी उपटलं. तण समजून. हे बघा, जगवलंय मी ते. कुंडीत आहे ते तण आहे, त्या पाइपाजवळचं."

बाईसाहेबांनी ट्रे कठड्यावर ठेवला. "तुम्ही उपटलंत? पण डोंगरावरचं रोप तर त्याच्या आधीच गेलं होतं!"

"म्हणजे?"

"हळू बोला हो! बटाट्यांचं उकळतं पाणी मी चुकून त्या कुंडीत ओतलं. क्षणात मान टाकली त्याने. यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी घाबरून त्या पाइपाजवळचं गवत उपटून तिथे लावलं. तेच तुम्ही काढलंत."

माळीबुवांनी हातातल्या रोपाकडे पाहिलं. छत्री आठवली, चमचा आठवला, बेघर केलेला गुलाब आठवला. पण त्या सगळ्यावर मात करून एक आनंद त्यांच्या अंगात असा काही उसळला, की ते भान विसरून ओरडले,

"म्हणजे ते तणच होतं! बघितलंत? माझी नजर चुकली नव्हती!"

"कशात नजर चुकली नव्हती?" दारातून साहेब म्हणाले.

 माळीबुवांची बोबडी वळली. बाईसाहेब पांढऱ्या पडल्या. साहेब एकेक पाऊल टाकत आले आणि माळीबुवांच्या हातातल्या रोपासमोर थांबले. त्यांनी कुंडीतल्या रोपाकडे पाहिलं, पुन्हा हातातल्याकडे पाहिलं. पान तेच, खोड तेच, फक्त हे दुप्पट उंच आणि कळ्यांनी लगडलेलं.

"हे... तुमच्याकडे कसं?"

 बाईसाहेबच पुढे झाल्या. "अहो, मीच दिली होती यांना एक लहानशी फांदी. म्हटलं, बघू यांच्या हाताला येते का. आणि बघा कशी आणलीय त्यांनी! आपलं बघा, किती खुरटलंय ते. मी तर म्हणते, आपली कुंडीसुद्धा यांच्याकडेच देऊन टाका. अगदी आजच्या आज." (प्राध्यापक यायच्या आत, हे त्या बोलल्या नाहीत, पण माळीबुवांना ऐकू आलं.)

साहेबांनी दोन्ही रोपं पुन्हा निरखली. मग त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माळीबुवांच्या खांद्यावर हात ठेवला. ऑफिसात आजवर कुणाच्याही खांद्यावर त्यांनी हात ठेवलेला नव्हता.

"माळीबुवा, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. खरं सांगतो, बदलीसाठी मी कॅशिअरचं नाव पक्कं केलं होतं. तेच सांगायला आज बोलावलं."

याही खेपेला बरोबर आलेल्या माळीबुवांच्या बायकोने आतूनच हे ऐकलं आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"पण हे डोंगरातलं रोप," साहेब पुढे म्हणाले, "त्याला इथला उकाडा कसा सोसणार? त्याला थंड हवाच पाहिजे. आणि कॅशिअरच्या हाती दिलं तर तो प्लास्टिकचं फूलही वाळवेल. नव्या शाखेवर तुम्हीच जा. दोन्ही कुंड्या घेऊन जा. एवढा विश्वास मी दुसऱ्या कुणावर टाकणार नाही."

खरं सांगून टाकावं, असं माळीबुवांच्या ओठांवर आलं होतं. पण बाईसाहेब साहेबांच्या मागे उभ्या राहून हात जोडत होत्या. आणि साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. वाघाला रडताना बघून माळीबुवांना आणखीनच भीती वाटली.

"वा, वा," ते म्हणाले.

गुलाब शेजाऱ्यांना वाटले गेले. नव्या क्वार्टरला खरोखरच बाल्कनी नव्हती, आणि गोदामाची भिंत ऐकली होती त्यापेक्षाही जवळ होती. बरोबर नेलेली एकेक कुंडी त्या अंधारात सुकली. फक्त त्या दोन कुंड्यांना काही होईना. ते तण खिडकीतून बाहेर पडलं, भिंत चढलं, गोदामाच्या छपरावर पसरलं. दर सोमवारी साहेबांचा फोन यायचा, आणि माळीबुवा खुर्चीतून उठून उभे राहत रोपाची उंची सांगायचे.

शेवटी बायकोच्या रोजच्या बोलण्याने त्यांनी धीर केला. एका सोमवारी उंची सांगून झाल्यावर त्यांनी म्हटलं, "साहेब, एक विनंती होती. आता मला परत तिकडे बोलावून घेता येईल का?"

"काय बोलताय माळीबुवा!" साहेब पलीकडून कळवळून म्हणाले. "रोपाला तिथली हवा किती मानवलीय! आता मी रिटायर होईपर्यंत त्याला हलवायचं नाव काढू नका."