लायडींच्या फाटकासमोर

विल्डा यॉस्टने ती लाल गाडी घरी आणली, तेव्हा तिचा नवरा नॉर्बर्ट स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून सफरचंदं सोलत होता. त्याने एकदा बाहेर पाहिलं, हातातलं सफरचंद पुरतं सोलून घेतलं आणि मग म्हणाला, "ही कुणाची?"

"माझी."

"तेहतीस वर्षं शाळेची बस चालवलीस तू. मागे साठ पोरं असल्याशिवाय तुला रस्ता सुचत नाही. हिच्यात तर पर्ससुद्धा मांडीवर घ्यावी लागेल."

"म्हणूनच घेतली," विल्डा म्हणाली. "मागे वळून 'खाली बसा' म्हणायला कुणी नको होतं."

गाडी पन्नास वर्षांची होती. दोनच माणसांची, जमिनीलगत धावणारी, पुढचे दिवे झाकणाखाली मिटून ठेवलेले. टॅनर्स नॉच गावात ती सगळ्यांना माहीत होती, कारण ती डॉक्टर एमॉस लायडींची होती आणि अर्ध्या गावाचे दात डॉक्टर लायडींनीच काढले होते. मार्चमध्ये डॉक्टर गेले. सप्टेंबरात त्यांच्या बायकोने, ऑटिलीबाईंनी, गाडी विकायला काढली. विल्डाकडून त्यांनी एकच शब्द घेतला होता.

"हिला परत क्वारी रोडवर आणू नका," किल्ली हातात ठेवताना त्या म्हणाल्या होत्या. "तो आवाज मला आता ऐकवणार नाही."

"नाही आणणार," विल्डा म्हणाली होती. गावात विल्डाचा शब्द म्हणजे घड्याळ. सात वाजून बारा मिनिटांनी बस येईल म्हटलं की यायची, बर्फ असो वा नसो.

यॉस्टांच्या घरी दुसरी एक गाडी होतीच. करड्या रंगाची, अकरा वर्षांची, डबा असावा तशी. तिच्याकडे आजवर कुणी वळून पाहिलं नव्हतं. किल्ली नुसती दाखवली तरी ती सुरू व्हायची. नॉर्बर्ट तिच्यातून किराणा, भोपळे आणि एकदा शेजाऱ्यांची बकरीसुद्धा घेऊन आला होता.

पहिल्या मंगळवारी विल्डा टेकडीवरच्या वाचनालयातून परत येत होती. गाडी झकास पळत होती. मग, ना खोकली ना धक्का दिला, एकदम गप्प झाली. बोलता बोलता एखाद्याने थांबून कान द्यावा, तशी. विल्डाने गिअर काढून घेतला. कडेला घ्यायला जागा नव्हती. चर्चच्या आंधळ्या वळणावर थांबणं बरं नव्हतं, डेअरीपाशी दुधाचा टँकर उभा होता. उतार होता, म्हणून तिने गाडी घरंगळू दिली. थांबण्यासारखी जागा आली तेव्हा गाडीचा वेगही संपला. समोर पांढरं फाटक होतं आणि पत्रपेटीवर 'लायडी' असं लिहिलेलं होतं.

विल्डाने स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. तेवढ्यात पुढे कुरकुर झाली. गाडीचं डावं झाकण हळूहळू वर उठलं आणि दिव्याचा डोळा घराकडे बघू लागला. थोड्या वेळाने उजवाही उघडला. घराच्या खिडकीतला पडदा हलला.

ऑटिलीबाई हातातलं फडकं तसंच घेऊन व्हरांड्यात आल्या. उंच, काटकुळ्या, स्वेटरची सगळी बटणं लावलेल्या.

"तुम्ही शब्द दिला होता, मिसेस यॉस्ट."

"दिला होता. पण ही बंद पडली हो. मला फार वाईट वाटतंय."

ऑटिलीबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चार वाजून दहा मिनिटं," त्या म्हणाल्या. "दवाखाना चारला बंद व्हायचा." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

नॉर्बर्ट करडी गाडी घेऊन आला, दोर बांधला आणि लाल गाडी घरी ओढत नेली. वाटेत त्याने एक शब्द काढला नाही. तो बोलला असता तर विल्डाला बरं वाटलं असतं.

गुरुवारी तिने टेकडी टाळली. नदीकाठचा सपाट रस्ता धरला. परतताना पुलाचं रंगकाम चाललं होतं, पूल बंद. वर वळसा घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. चार वाजून दहा मिनिटांनी ती लायडींच्या फाटकासमोर बसली होती आणि पुढचे दोन डोळे एकापाठोपाठ एक उघडत होते.

पुढच्या मंगळवारी तिने डोकं चालवलं. सकाळी अकरालाच दुकानात गेली, म्हणजे बारापर्यंत घरी. पिशव्या ठेवून किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. नॉर्बर्टला फोन करावा तर तो डोळे तपासायला परगावी गेलेला. विल्डा दुकानासमोरच्या बाकावर बसून राहिली. येणारा जाणारा विचारत होता, "बस चुकली का, विल्डा?" हा विनोद तिने त्या दिवशी अकरा वेळा ऐकला. चारला पाच कमी असताना ती पिशव्या घ्यायला गाडीत शिरली आणि सहज किल्ली लावली. गाडी पहिल्या हाकेला सुरू झाली. दुकानापासून वाचनालयापर्यंत चांगली गेली. पुढचं सांगायला नको.

त्या दिवशी ऑटिलीबाई बाहेर आल्या नाहीत. मात्र खिडकीचा पडदा आधीपासूनच सरकवलेला होता आणि खिडकीशी एक खुर्ची आणून ठेवलेली दिसत होती. एका बाईचा नवरा जाऊन जेमतेम सहा महिने झालेत आणि आपण आठवड्यातून दोनदा तिच्या दारात त्याची गाडी आणून उभी करतो, डोळे उघडून. गावात लोक काय बोलत असतील ते वेगळंच. त्या बाईंना काय वाटत असेल, याने विल्डाला घास गिळवेना.

गाडी दुरुस्त करणारा क्लेटस तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. आता चाळिशी उलटली होती, तरी तिच्यापुढे तो टोपी काढायचा.

"साधं आहे, मिस विल्डा," तो म्हणाला. "पेट्रोलचा पंप जुना. वीस मिनिटं चालला की तापतो, गाडी बंद. निवला की चालू. भुतंबितं काही नाही."

"आणि ते डोळे?"

"ती झाकणं हवा ओढून धरल्याने बंद राहतात. रबरी नळी चिरलीय. इंजिन थांबलं की धरलेली हवा सुटते, झाकणं वर. बॅटरीचासुद्धा संबंध नाही त्यात."

"आणि दर वेळी लायडींचंच फाटक?"

क्लेटसने टोपी दुसऱ्या हातात घेतली. "गाव म्हणजे वाडगं आहे. वरून सोडलं की सगळं तिथेच खाली येणार. भोपळा सोडून बघा."

हे तो आपला बोलायचं म्हणून बोलला. पण नॉर्बर्टने जन्मभर जिल्ह्याच्या जमिनी मोजल्या होत्या. उताराची गोष्ट तो वाऱ्यावर सोडणारा नव्हता. रविवारी प्रार्थना संपल्यावर तो करड्या गाडीतून चार भोपळे घेऊन वाचनालयापाशी गेला. पहिला भोपळा चर्चच्या वळणावरून सरळ ओढ्यात गेला. दुसराही. तिसरा डेअरीच्या भिंतीवर फुटला. चौथ्याला त्याने वळणापर्यंत हाताने नेऊन नीट तोंड फिरवून सोडलं. तो पाद्रीबाईंच्या अंगणात शिरला आणि तिथून त्या स्वतः बाहेर आल्या.

घरी येऊन नॉर्बर्टने बूट काढले. "भोपळ्याला लायडींचं घर माहीत नाही," तो म्हणाला. विल्डाने त्याच्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता.

"मी विकते तिला," विल्डा म्हणाली.

"कुणाला?"

"लांबच्या कुणाला तरी."

ओहायोतला एक माणूस तयार झाला. शनिवारी सकाळी ट्रेलर घेऊन येणार होता. तोपर्यंत काही भानगड नको म्हणून क्लेटसने बॅटरी काढून गॅरेजच्या फळीवर ठेवली. नॉर्बर्टने मागच्या चाकाखाली लाकडी पाचर ठोकली आणि गॅरेजचं दार खाली ओढून घेतलं. गुरुवार कोरडा गेला. विल्डाला दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

शुक्रवारी दुपारी डोंगरावरून धुकं उतरलं. तीन वाजता समोरचं मेपलचं झाड दिसेना. नॉर्बर्ट लाकडं आणायला मागे गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला.

"तू दार उघडलंस?" त्याने विचारलं.

"कुठलं?"

दोघं गॅरेजपाशी गेले. दार वर गेलेलं होतं. आत फरशीवर तेलाचा एक डाग, आणि त्याच्या शेजारी पाचर. तुटली नव्हती, निसटलीही नव्हती. कुणी उचलून बाजूला ठेवावी तशी भिंतीला टेकून होती. बॅटरी फळीवर जिथल्या तिथे.

"चोरी असेल," विल्डा म्हणाली.

"असेल," नॉर्बर्ट म्हणाला. पोलिसांना फोन करायला हवा, हे दोघांनाही कळत होतं. दोघंही करड्या गाडीत बसले आणि काही न ठरवता क्वारी रोडच्या वाटेला लागले. धुक्यात नॉर्बर्ट पायी चालण्याच्या वेगाने गाडी हाकत होता. खाली पोचेपर्यंत चार वाजून गेले.

आधी दिसले ते दोन गोल डोळे. उघडे, विझलेले. मग लाल बोनेट. गाडी फाटकासमोर उभी होती, रस्त्याच्या कडेला अगदी सरळ रेषेत, जशी रोज उभी करणारा माणूस करील. आत, चालकाशेजारच्या सीटवर कुणीतरी बसलेलं होतं.

विल्डा उतरली. बसमध्ये काही गडबड झाली की मागे जाऊन बघायचं ते तिनेच, अशी अंगाला सवय होती. तिने वाकून काचेतून पाहिलं.

ऑटिलीबाई होत्या. अंगात चांगला कोट, डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स.

"उशीर केलात," त्या म्हणाल्या.

"मिसेस लायडी, मी आणली नाही हो ही. देवाशपथ. आम्ही तर पाचर लावून ठेवली होती. उद्या ओहायोचा माणूस येऊन घेऊन जाणार आहे, परत तुम्हाला त्रास..."

"ठाऊक आहे. क्लेटस म्हणाला." त्यांनी डाव्या हाताने रिकाम्या सीटवरची न दिसणारी धूळ झटकली. "बसा ना. थंडी आहे."

विल्डा बसली. दुसरं काय करणार.

"तीस वर्षं मी ही गाडी आरशात पाहिली," ऑटिलीबाई म्हणाल्या. "मी पुढे आपल्या साध्या गाडीत, ही मागे, मध्ये दोर. रोज कुठे ना कुठे बंद पडायची. एमॉसचा फोन आला की मी सूप गॅसवरून उतरवायची आणि दोर घेऊन निघायची. आत कधी बसले नाही. तो म्हणायचा, एकदा नीट होऊ दे, तुला तळ्यावर नेतो. ती कधी नीट झालीच नाही."

"पहिल्यांदा आली तेव्हा मला तुमचा राग आला. दुसऱ्यांदा भीती वाटली. तिसऱ्यांदा मी खुर्ची घेऊन बसले. आज विचार केला, चार वेळा दारात कुणी आलं तर निदान काय हवंय ते तरी विचारावं." त्यांनी पर्सची कडी मिटली. "तळं सात मैलांवर आहे."

"हिच्यात बॅटरी नाही, मिसेस लायडी."

"दोर आहे ना तुमच्याकडे?"

विल्डाने उतरून नॉर्बर्टला सांगितलं. त्याने एकदा धुक्याकडे, एकदा लाल गाडीकडे पाहिलं आणि काही न विचारता डिकीतून दोर काढला. त्याच्याशी लग्न का केलं, हे विल्डाला तेव्हा बऱ्याच वर्षांनी आठवलं.

अशी ती वरात निघाली. पुढे करडी, मागे लाल, मध्ये वीस फूट दोर. वेग ताशी बारा मैल. पाद्रीबाईंनी अंगणातून हात केला. डेअरीवाल्यांनी टोप्या काढल्या, कारण त्यांना ती अंत्ययात्रा वाटली. ऑटिलीबाईंनी सगळ्यांना मान हलवून प्रत्युत्तर दिलं. इंजिनाचा आवाज नव्हता. नुसती टायरांची सरसर आणि धुकं.

"मऊ आहे हो सीट," ऑटिलीबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं टोचेल."

तळ्याच्या अलीकडे एक लांब चढ आहे. त्याच्या अर्ध्यावर करड्या गाडीच्या बोनेटमधून पांढरी वाफ निघाली. गाडी एकदा गचकली, मग अडखळली, आणि अकरा वर्षांत प्रथमच रस्त्याच्या मध्यावर बंद पडली. तिला असला भार चढावर ओढायची सवय नव्हती.

विल्डाने ब्रेकवर पाय दाबून धरला. दोन्ही गाड्या मागे घसरणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ती वाट पाहत राहिली. काही घसरलं नाही. तिने हळूच पाय सैल केला.

समोरचा दोर ढिला पडला. मध्ये झोळ आला, मग तो रस्त्याला टेकला. लाल गाडीचं नाक करड्या गाडीच्या मागे हलकेच लागलं, दारावर बोटाने टकटक करावी इतकंच. आणि दोन्ही गाड्या चढ चढू लागल्या.

नॉर्बर्टने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "विल्डा, काय करतेयस?"

"काही नाही," विल्डा म्हणाली. तिने दोन्ही हात स्टीअरिंगवरून काढून त्याला दिसतील असे वर धरले.

नॉर्बर्टने तिच्या हातांकडे पाहिलं. जिथून कसलाही आवाज येत नव्हता त्या लाल बोनेटकडे पाहिलं. मग त्याने डोकं आत घेतलं आणि समोर नजर लावून ताठ बसला.

ऑटिलीबाईंनी रुमालाची गाठ जरा घट्ट केली.

"चढ आला की एमॉसला कधी राहवायचंच नाही," त्या विल्डाला म्हणाल्या. मग पुढे वाकून त्यांनी समोरच्या डॅशबोर्डवर तळहात ठेवला. "जरा दमानं घे. पुढे माणूस आहे."