ताणणाऱ्या पँटीला अस्तर

एकतीस वर्षं झाली मला टेलरिंगचं दुकान टाकून, आणि माझ्या हातची टीप उसवून कपडा परत आला असं आजवर एकदाही झालेलं नाही! विचारा कुणालाही. समोरच्या फुटपाथवर दुसरं टेलरिंगचं दुकान आहे, तिथल्या मास्तरला विचारा. तोंड वाकडं करील, पण नाही म्हणणार नाही. आमच्या घरात तर कुणी ट्रायलसुद्धा घेत नाही. मी शिवलं, इस्त्री फिरवली, की थेट अंगावर! ट्रायल घेणं म्हणजे माझ्या हातावर अविश्वास दाखवणं, असं मीच एकदा रागाच्या भरात बोलून बसलो होतो. त्या दिवशी माझी दातखीळ बसली असती तर फार बरं झालं असतं.

सांगतो काय झालं ते.

आमची लेक खडक चढते. म्हणजे पायवाटेनं डोंगर नव्हे हो, सरळ उभ्या खडकाला पालीसारखी चिकटते! मला स्टुलावर चढून पंखा पुसायचा म्हटलं तरी घेरी येते, आणि ही पोरगी दोरीला लटकून वर हसत असते. तिच्या क्लबात प्रशिक्षकाची जागा निघाली होती. रविवारी परीक्षा. पास झाली तर मनासारखं काम. नाही झाली तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर मामाच्या ऑफिसात फायली लावत बसायचं. मामानं टेबलसुद्धा पुसून ठेवलं होतं.

तर या परीक्षेसाठी तिनं पँट आणली. विकत! शिंप्याची मुलगी, आणि विकतची पँट!

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सॉफ्टशेल, बाबा. वारा अडतो, घाम साठत नाही, चार थेंब पडले तरी आत जात नाहीत. आणि मुख्य म्हणजे ताणते. आम्हाला पाय पार कमरेपर्यंत उचलावा लागतो ना!"

मी कापड चिमटीत धरून ओढलं. ते आलं! सोडलं, परत गेलं. उलटं करून बघितलं तर आत अस्तर नाही, आसनाला नुसती एकेरी टीप.

"हे कापड आहे की लाडावलेलं कार्टं? कुणीही ओढावं आणि यानं जावं! ठेव बाजूला. मी दणकट कापडाची..."

"नको!" ती ओरडलीच. "लांबीला फक्त एक इंच कमी करून द्या. बाकी कशालाही हात लावायचा नाही. शपथ?"

"अगं, मी काय वैरी आहे का तुझा?"

"तोंडानं म्हणा शपथ," आतून बायको म्हणाली. ती मला पुरती ओळखून आहे.

मी मान हलवली. मान हलवली म्हणजे काही शपथ होत नाही, असं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात सामसूम होती. पँट समोर होती. माणसाला मोह आवरत नाही बघा! मी पडद्यामागे गेलो आणि घातली. माझं पोट आणि पोरीची कंबर यांचा दुरूनही संबंध नाही, पण त्या कापडानं मला बिनतक्रार सामावून घेतलं! उकिडवा बसलो. गुडघे काही बोलले नाहीत. मग अंगात आलं. म्हटलं, कमरेपर्यंत ना? बघूच! आणि उचलून पाय थेट कापायच्या टेबलावर ठेवला.

पाय वर गेला. खाली येईना! पँटीचा दोष नव्हता, पँट तयार होती. माझी कंबर धरली होती.

नेमक्या त्याच वेळी शाळेच्या मुख्याध्यापिका कोट न्यायला आल्या.

"अगं बाई! मास्तर, काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही बाई, कापड बघतोय."

"पाय टेबलावर ठेवून? अहो, धावा कुणीतरी! मास्तर भ्रमात बोलताहेत!"

मुख्याध्यापिकेचा आवाज तो, सगळ्या रस्त्याला हजेरी लावायला लागली! औषधाच्या दुकानातला माणूस रक्तदाबाचं यंत्र घेऊन आला. एक आजोबा कांदा हुंगवा म्हणाले. आणि सगळ्यांच्या पुढे, पाण्याचा तांब्या घेऊन, समोरचा मास्तर! त्यानं माझा पाय खाली उतरवला, आणि मग त्याची नजर पँटीवर गेली.

"मास्तर, ही तुमच्या हातची दिसत नाही. तुमच्या घरात पण विकतचे कपडे यायला लागले वाटतं?"

सहा माणसांदेखत! आता तुम्हीच सांगा, मी काय म्हणणार होतो?

"दुरुस्तीला आलीय!" मी गरजलो. "कापड कच्चं आहे. अस्तर लावून, डबल टीप मारून देणार आहे!"

बोललो ते बोललो. शटर अर्धं खाली ओढलं आणि कामाला बसलो. जाड, पांढरं सुती अस्तर बेतलं. सगळीकडे डबल टीप, आसनाला तिहेरी. आता लाज वाटते, पण खरं सांगतो, सगळा रुबाबच होता असं नाही. ती त्या खडकाला गुडघे घासणार, वारा खाणार, आणि मी खाली डोळे मिटून बसणार. तिच्या मागोमाग मला काही चढता येत नाही. मला येतं ते एवढंच, सुई आणि मशीन. म्हटलं, निदान आपलं अस्तर तरी तिच्याबरोबर वर जाईल.

लांबी मात्र अगदी एक इंचच कमी केली हो.

शनिवारी संध्याकाळी तिनं विचारलं, "एक इंच?"

"एक इंच!" मी म्हणालो. खोटं कुठे होतं?

तिनं पँट बॅगेत टाकली. घालून बघितली नाही. आमच्या घरात ट्रायल नसते ना!

रविवारी सकाळी आम्ही तिघं गावाबाहेरच्या खडकापाशी पोचलो. लेक अंधाऱ्या तंबूत जाऊन घाईघाईनं पँट घालून आली. चार पावलं चालली आणि थबकली.

"बाबा, जाड का लागतेय ही?"

मी आभाळाकडे बघितलं. तेवढ्यात तिचा नंबर पुकारला गेला.

पहिले वीस फूट ती भराभर गेली. बायकोनं माझा हात धरला होता. मग एक जागा आली, तिथे पाय ठेवायला खाच होती ती कमरेजवळ. लेकीनं पाय उचलला. गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. पुन्हा उचलला. पुन्हा थांबला! कापड बिचारं ताणायला तयार होतं, माझं अस्तर त्याला सोडत नव्हतं. तिनं दात ओठ खाऊन जोर लावला. मला खालून तिची पोटरी थरथरताना दिसत होती.

"काय पुटपुटताय?" बायकोनं विचारलं.

"देवाला सांगतोय."

"काय?"

"माझी टीप उसवू दे म्हणून!"

बायकोनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं. तिनं माझा हात सोडला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या शिवणीचं वाईट चिंतलं. उसव गं बाई, एकदाच उसव! सहा टाके तुटू देत, तीन तरी तुटू देत! पण छे! हत्तीनं ओढली असती तरी तुटली नसती, अशी टीप मारून ठेवली होती मी. वेळ संपली. दोरीनं तिला हळूहळू खाली उतरवलं.

परीक्षक बाईंनी पँटीचं कापड ओढून बघितलं. "सॉफ्टशेलच आहे की! मग पाय का जाईना?" त्यांनी पायाशी कड उलटी केली. आत पांढरंशुभ्र अस्तर. "हे कुणी लावलं?"

लेकीनं एकदाच माझ्याकडे बघितलं.

"माझंच चुकलं, मॅडम," ती म्हणाली. "मी घालून बघितली नाही."

चारचौघांत माझ्यावर ओरडली असती ना, तर मी आनंदानं ऐकून घेतलं असतं. घरी आल्यावर मी म्हणालो, "चुकलं गं माझं." ती म्हणाली, "असू दे बाबा." आणि सोमवारी मामाच्या ऑफिसात गेली.  पुढच्या सहा महिन्यांत मी तिची ती अस्तरवाली पँट उसवली. उसवायलाच दोन दिवस लागले! तिच्या तुकड्यांवर रोज दुपारी ताणणारी टीप मारायला शिकलो. सांगणार कुणाला?

परवा समोरच्या दुकानात नजर गेली, तर खुंटीला नवी कोरी सॉफ्टशेल पँट. असली पँट आमच्या रस्त्यात दुसरं कोण घालतं? आमच्या लेकीची! तिची परीक्षा या रविवारी, आणि पँट समोरच्याकडे. मी दिवसभर चुकीच्या बाजूनं काजं करत बसलो.

संध्याकाळी समोरचा मास्तर स्वतःच आला. काखेत पिशवी.

"मास्तर, कुणाला बोलू नका. माझं मशीन या कापडावर टाके सोडतंय. तुम्ही मारून द्याल का? आणि कापड पातळ वाटतं नाही? अस्तर...?"

"खबरदार!" मी इतक्या जोरात ओरडलो की औषधवाला पुन्हा यंत्र घेऊन आला.

पँटीला चिठ्ठी टाचलेली होती, लेकीच्या अक्षरात. 'फक्त एक इंच. बाकी हात लावू नये. ट्रायल घेतली जाईल.' मी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग एक इंच मोजला, दुमडला, टीप मारली, आणि हात मागे बांधून उभा राहिलो. फार कठीण असतं हो ते.

आज लेक पँट घेऊन घरी आली. बैठकीच्या खोलीतच घालून बघितली. उकिडवी बसली, उठली, आणि उचलून पाय थेट खिडकीच्या कट्ट्यावर! सहा महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे बघून मनापासून हसली.

"बघा बाबा, याला म्हणतात काम! सांगितलं तेवढंच केलंय. समोरच्या मास्तरांकडून शिका जरा!"

बायकोनं माझ्या सदऱ्यावरचा करडा दोरा उचलला, पँटीच्या करड्या टिपेकडे बघितलं आणि तो मुठीत घेऊन आत गेली.

"हो," मी म्हणालो. "हात चांगला आहे त्याचा."