नाथाची पहिली बायको

न्यूझीलंडच्या दिल्लीतल्या वकिलातीचं पत्र आलं तेव्हा नाथा भोईर नुकताच कामावरून आला होता आणि त्याची बायको मंजुळा ओसरीत सुक्या बोंबलांची डोकी काढत बसली होती. पत्र इंग्रजीत होतं. त्यांची मुलगी शालू पाचवीत होती आणि तिचं इंग्रजी त्याच वर्षी सुरू झालं होतं. तिने 'डिअर सर' एवढं ठणकावून वाचलं आणि पत्र बापाच्या हातात परत दिलं.

"पुढचं आम्हाला अजून शिकवलं नाय," ती म्हणाली.

तेव्हा पत्र घेऊन नाथाने ठाणं गाठलं. नौपाड्यात त्र्यंबक वैद्य यांचं ऑफिस होतं. सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर वैद्यसरांनी दारावर 'परदेशगमन सल्ला : शिक्षण, नोकरी, कायम वास्तव्य' अशी पाटी लावली होती. ते स्वतः समुद्र ओलांडून एकदाच, अलिबागला गेले होते. पण कागद कुठे, कसा आणि किती प्रतींत लागतो, हे त्यांना जितकं कळायचं तितकं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला कळत नसे.

नाथा मानपाड्याच्या एका कारखान्यात वेल्डर होता. कारखान्याच्या तीन पाळ्यांची त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याण्णव साली, एकच पाळी उरली होती आणि तीही कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. वैद्यसरांनी पहिल्याच भेटीत त्याला तिन्ही वाटा समजावून दिल्या होत्या. शिक्षणाच्या वाटेने जायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. नोकरीच्या वाटेने जायला तिकडचा मालक हवा होता. राहिली तिसरी, गुणांची वाट. वयाचे गुण, अनुभवाचे गुण, हातच्या कसबाचे गुण, असं करत न्यूझीलंड सरकारच्या हिशेबात नाथा काठावर पास होत होता. शाळेतही तो काठावरच पास झालेला असल्याने त्याला यात काही वावगं वाटलं नाही.

वैद्यसरांनी पत्र वाचलं आणि चष्मा पुसला.

"साठ दिवसांत लग्नाचा पुरावा मागितलाय. नाही दिला तर तुम्ही एकटेच जाणार. मंडळींचा अर्ज रद्द."

"लग्न तर झालंय की सर. तेरा वर्षं झाली."

"नोंदणी?"

"हळदीला सातशे माणूस होतं. नोंद कशाला पाहिजे?"

"निमंत्रणपत्रिका?"

"घरोघर जाऊन तोंडी सांगितलेलं."

"फोटो तरी?"

"मंजुळाच्या गोमाजीमामांनी त्यांच्या दिवा गावाहून फोटोवाला आणलेला. पण त्याच्या रोलमध्ये उजेड शिरला. एक फोटो नाय आला."

"लग्न लावलं कुणी? त्या भटजींची सही मिळेल?"

"भटजी नव्हते. आमच्यात जुन्या रीतीने धवलारीण लग्न लावते, गाणी म्हणून. चंद्रभागाबाई. सही नाय येत तिला, पण अंगठा देईल ना."

वैद्यसरांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत गाऊन झालेला व्यवहार फाइलला लावायची वेळ आली नव्हती. पण ते डगमगणारे नव्हते. "अंगठ्याचं प्रतिज्ञापत्र करू," ते म्हणाले. "आणि असं करा, स्टुडिओत जाऊन गळ्यात हार, डोक्याला मुंडावळ्या बांधून दोघांचा एक फोटो काढा. मी त्यावर तारीख घालणार नाही. फोटोत लग्न दिसल्याशी कारण. पुरावा जास्त झाला म्हणून कुणाचं बिघडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही."

शनिवारी संध्याकाळी नाथाने डोंबिवलीच्या बाजारातून दोन हार आणि मुंडावळ्यांची जोडी आणली. रविवारी दहा वाजता स्टुडिओत जायचं ठरलं होतं. खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं त्याचं घर तसं लहान, त्यामुळे त्याच्या आईच्या, मनुबाईच्या, नजरेतून मुंडावळ्या सुटणं शक्यच नव्हतं.

"कोनाचं लगीन हाय?" मनुबाईने विचारलं.

"माझंच. म्हणजे फोटोपुरतं."

"हलद नाय लागली न मुंडावल्या बांधाच्या? माज्या जित्तेपनी?"

"आई, पाच मिनिटांचं काम आहे. फोटो काढायचा नि सोडायच्या."

"मग पाच बोटं हलद लाव. पाच सवाष्णी बोलव. जास्त नको मना."

पाच बोटं हळदीने कुणाचं काय जातंय, असा विचार करून नाथाने मान डोलावली. तेवढ्यात अंगठा द्यायला म्हणून बोलावलेली चंद्रभागा आली. उंबऱ्यावर बसून तिने सगळं ऐकून घेतलं.

"हलद लावताव न मी गाव नको? गायल्याबिगर आंगठा देयाची नाय. खोटा व्हयल त्यो."

तिचं म्हणणं तत्त्वाला धरून होतं. तिने धवला सुरू केला. चंद्रभागेचा आवाज वल्ह्यावरच्या माणसाला खाडीच्या पलीकडे ऐकू जाई असं म्हणत, आणि ती वेळ तर होड्या काठाला लागायची. पहिलं गाणं संपायच्या आत शेजारच्या चार बायका दारात आल्या. दुसऱ्या गाण्याला त्यांची संख्या मोजण्यापलीकडे गेली. "भोयराकडं हलद, न आमाला सांगावा नाय?" असं जी ती म्हणत होती, आणि म्हणता म्हणता पाटाभोवती बसून नाथाला हळद फासत होती. नाथाने स्टुडिओ, वकिलात, साठ दिवस असं बरंच काही सांगून पाहिलं. तोंडाला हळद लागलेल्या नवऱ्याचं कोळीवाड्यात कुणी ऐकत नाही.

सकाळी नाथा शर्ट घालून निघाला तर मनुबाई दारात आडवी.

"हलद लागलेला नवरा गावाची येस वलांडत नाय."

"अगं, स्टुडिओवाल्याला वेळ दिलीय!"

"त्याला हिकडं बोलव."

फोटोवाला इकडे येणार म्हटल्यावर फोटोच्या मागे भिंत कशी चालेल, मांडव हवा. मांडव म्हटल्यावर जेवण आलं. आणि नवरीला मांडवात आणायला नवरीचा मामा आला, कारण मामाशिवाय नवरी पाटावर उभी राहत नाही. गोमाजीमामा तर तेरा वर्षांत या घराची पायरी चढले नव्हते. मूळ लग्नात मानाचा पहिला नारळ चुकून नाथाच्या मामाला दिला गेला होता, तेव्हापासून त्यांनी बोलणं टाकलं होतं. आता त्यांना आणायला मनुबाई स्वतः दिव्याला गेली. पुढच्या रविवारचा मुहूर्त धरला. नाथाने आठवडाभर रजा टाकली, कारण वेशीच्या आत वेल्डिंगचा कारखाना नव्हता.

लग्न झकास झालं. जुन्या लग्नापेक्षा माणूस थोडं जास्तच आलं, कारण मधल्या काळात त्या वेळची पोरं मोठी होऊन त्यांनाही पोरं झाली होती. नाथाला बहीण नसल्याने करवली म्हणून शालूला उभं केलं. आईबापाच्या लग्नात करवली होण्याचा मान फारसा कुणाला मिळत नाही. तिने तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरून प्रत्येक फोटोत जागा पटकावली. नवरीला मात्र चुलीपासून दोनदा बोलावून आणावं लागलं. तांदळाचे वडे तळायचं काम तिच्याकडे होतं, कारण पीठ, तेल, झारा कुठे ठेवलंय ते घरात तिलाच ठाऊक होतं. मंजुळाने हातावरचं पीठ पदराला पुसलं, हार घातला, फोटोवाल्याने सांगितलं तेव्हा मान तिरकी केली आणि पुन्हा कढईपाशी गेली.

या खेपेला पहिला नारळ, टोपी आणि शेला गोमाजीमामांना दिला गेला. मामांनी टोपी घातली, आरशात पाहिली आणि पोटभर जेवले.

अठ्ठावन्नाव्या दिवशी वैद्यसरांनी बारा रंगीत फोटो आणि चंद्रभागेचा अंगठा रजिस्टर पोस्टाने दिल्लीला रवाना केला. नाथाने तलावपाळीच्या देवळात जाऊन नमस्कार केला.

पुढच्या आठवड्यात गोमाजीमामा नवी टोपी घालून आले. काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते त्यांनी नाथासमोर ठेवलं. आत आल्बम होता. सन एक्क्याऐंशी, काळेपांढरे चोवीस फोटो, प्रत्येकामागे फोटोवाल्याचा शिक्का आणि तारीख.

"मामा! तुम्ही तर निरोप पाठवलेला, रोल खराब झाला म्हणून!"

"रोलला काय नाय झालेलं," मामा शांतपणे म्हणाले. "झालेलं ते मना."

नाथाने त्यांचे पाय धरले आणि तसाच ठाण्याला पळाला. वैद्यसरांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नोकरीत बढती मिळाल्यावर आलं नसेल असं तेज आलं. "हा खरा पुरावा! आजच्या आज पाठवतो. 'पूरक पुरावा' म्हणून." त्यांनी सहा निवडक फोटो पाकिटात घातले. एका लग्नाचे दोन संच पाठवल्याने काय होईल, हा विचार दोघांच्याही मनाला शिवला नाही.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. वैद्यसरांनी ते आधी मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"बसा, भोईर."

नाथा बसलाच होता.

"वकिलातीने दोन्ही लग्नांबद्दल तुमचं अभिनंदन केलंय."

"दोन्ही?"

"पहिलं एक्क्याऐंशी साली. वधू सडपातळ, वय एकोणीसच्या आसपास. दुसरं अलीकडचं. वर तोच, हनुवटीवरच्या व्रणावरून ओळखू येतो. वधू वेगळी. अंगाने भरलेली, वय तिशीच्या पुढे. दुसऱ्या लग्नात वराची पहिल्या पत्नीपासूनची मुलगी शालू हातात तांब्या घेऊन उपस्थित दिसते. तेव्हा पहिली पत्नी वारली असल्यास मृत्यूचा दाखला, आणि सोडली असल्यास घटस्फोटाचा निकाल जोडावा."

नाथाने हनुवटीवरच्या व्रणावरून हात फिरवला.

"तर्क मात्र बिनचूक आहे," वैद्यसर कौतुकाने म्हणाले. "मी त्या खुर्चीत असतो तर हेच लिहिलं असतं."

"सर, दोन्ही मंजुळाच आहे!"

"ते प्रतिज्ञापत्र मी करतो. त्याची काळजी नको. अडचण या फॉर्मची आहे." त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "संशय आल्यामुळे हा पाठवलाय. जी पत्नी बरोबर येणार तिने आपल्या हाताने, कुणीही न सांगता, आपण स्वतःच्या मर्जीने येतोय की नाही ते लिहायचं. कुठल्याही भाषेत चालेल. मुदत साठ दिवस."

एवढंच ना, म्हणून नाथा हलक्या मनाने घरी आला. मंजुळा सातवी पास होती. एक ओळ लिहिणं काही अवघड नव्हतं. त्याने तिला पत्राचा मजकूर हसत हसत सांगितला. मंजुळा हसली नाही.

"म्हणजे मी मेले, का तू मला सोडली?"

"तसं नाय गं. त्यांना वाटलं दोन बाया आहेत."

मंजुळाने फळीवरून मामांचा आल्बम काढला. तेरा वर्षांनी परत आलेले हे फोटो नीट बघायला तिला अजून वेळ झाला नव्हता. पहिलं पान उघडून तिने त्याच्यापुढे धरलं.

"मग कोणाला नेणार? हिला का मला?"

या प्रश्नाचं उत्तर ताबडतोब द्यायचं असतं. नाथाने आधी फोटोकडे पाहिलं. फार वेळ नाही, एक श्वास आत घेऊन सोडायला लागतो तेवढाच. मग तो म्हणाला, "तुलाच की."

"उशीर झाला," मंजुळा म्हणाली आणि फॉर्म हातात घेतला. "यात काय विचारलंय?"

"तू तुझ्या मर्जीने येतेस का."

"कोणी विचारलंय?"

"वकिलातीने."

मंजुळा कागदाकडे बघत राहिली. एक्क्याऐंशी साली तिच्या बापाने सुपारी फोडली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. नाथाने अर्ज भरला, गुण मोजले, मनुबाईने मुहूर्त काढला, चंद्रभागेने अंगठा दिला. तेव्हाही कुणाला ते सुचलं नव्हतं. आता दिल्लीत बसलेल्या, तिला कधी न पाहिलेल्या कुठल्याशा साहेबाने विचारलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला.

"अगं लिव की पोरी," मनुबाई आतून म्हणाली. "येक वल तं हाय."

"आई, विचार करू दे मला." मंजुळाने कागदाची घडी घालून तांदळाच्या डब्याखाली सरकवली. "साठ दिवस आहेत ना?"

दुसऱ्या दिवसापासून नाथा पाळीवर जाण्याआधी पाणी भरू लागला. रविवारी खाडीतलं ताजं जिताडं स्वतः निवडून आणलं आणि ते साफ करताना बोट कापून घेतलं. शालूकरवी दोनदा निरोप पाठवला. शालूने दोन्ही वेळा 'आई भाकरी करतेय' असं उत्तर आणलं. गोमाजीमामांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा ते मुद्दाम टोपी घालून आले आणि ओसरीत मांडी ठोकून बसले. "आमी पोरीकडचं," ते म्हणाले. "आमाला घाई करू नका."

चाळिसाव्या दिवशी वैद्यसरांना राहवलं नाही. त्यांनी नाथाला बोलावून घेतलं.

"प्रतिज्ञापत्र तयार आहे, फाइल तयार आहे. अडलंय कुठे, भोईर? दिल्लीहून काही आलं का?"

"दिल्लीहून नाय सर, घरून यायचंय." नाथाने कापलेल्या बोटावरची चिंधी नीट केली. "दोन लग्नं झाली, पण मुलगी आता कुठे बघितलीय. मुलीकडचे कळवतो म्हणालेत."