विभागप्रमुखांच्या नाकाची गोपनीयता

माणसाला दोन डोळे आणि त्यांच्या मधोमध एक नाक असते, याला निसर्गाची किमया म्हणणारे लोक भाबडे आहेत. ते प्रशासन आहे. गर्भातल्या पेशींनी कुठे उभे राहायचे, बोटे किती काढायची आणि कधी थांबायचे, हे त्यांना रीतसर कळवले जाते. कळवणाऱ्या निरोपांपैकी एकाचे नाव हेजहॉग. हा निरोप कमी पडला तर दोन डोळ्यांच्या जागी एकच येतो. भलत्या जागी पोचला तर बोटे वाढतात. हेजहॉग हा खरे तर काटेरी पाठीचा एक लहान प्राणी. माशीच्या अळीत हा निरोप बिघडला तेव्हा अळी अंगभर काटेरी झाली, म्हणून हे नाव. (काम बिघडवल्याखेरीज कोणाचे नाव होत नाही, हे नोकरी केलेल्यांना सांगायला नको.)

या निरोपाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचे विभागप्रमुख हा विषय फार सोपा करून सांगत. पेशीच्या दारात एक शिपाई बसतो, आत साहेब. साहेबांना सह्या करायची भारी हौस, आणि त्यांना गप्प बसवणे हेच शिपायाचे काम. हेजहॉग आला की शिपायाला चहाला घेऊन जातो. तेवढ्यात साहेब सही करतात आणि पेशी वाढते. चहा संपला की शिपाई परत, साहेब गप्प. पण शिपाईच नाहीसा झाला तर? मग कोणी येवो न येवो, साहेब सह्या करत सुटतात आणि चेहऱ्यावर गाठ उगवते. तिला त्वचेचा कर्करोग म्हणतात. एवढे बोलून विभागप्रमुख नाक खाजवत आणि टाळ्या पडत.

नाक खाजवण्याचे कारण असे, की त्यावर डाव्या बाजूला मोत्यासारखी चकाकणारी एक पुळी होती. ती जात नव्हती.

"अहो, खालच्याच मजल्यावर डॉक्टर बसतात ना तुमच्या? दाखवून या," त्यांची बायको म्हणे.

"चष्म्याने झालंय ते."

"चष्मा तुम्ही कपाळावर ठेवता."

संस्थेतल्या तज्ज्ञांनीही पुळीकडे दुर्लक्ष केले असे कोणी म्हणू नये. नऊ जणांनी ती पाहिली. सहा जणांनी ती चष्म्याचीच असल्याचे मान्य केले (सहाही जणांची बढती विभागप्रमुखांच्या हातात होती). दोघांनी तिच्यावर लेख निघाल्यास आपले नाव असावे, अशी इच्छा व्यक्त केली. एकाने फोटो काढला.

याच सुमारास विभागाचा अभ्यास अडला. अशा गाठींचे नमुने तीस हवे होते, मिळाले होते एकोणतीस. विभागप्रमुखांनी मागचापुढचा विचार न करता पुळीचा कणभर तुकडा विज्ञानाला दिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात तो काय, शिपाई बेपत्ता आणि साहेब सह्या करत सुटलेले! इतका देखणा नमुना संस्थेच्या इतिहासात नव्हता. विभागप्रमुखांनी सगळ्यांना चहा पाजला. चहा पिता पिता त्यांना आठवले की हे नाक आपले आहे, आणि त्यांनी कप खाली ठेवला.

पण निकाल नमुना देणाऱ्याला कळवायचा नाही, असा नियम होता. तो त्यांनीच केला होता आणि त्यात खोट काढणे अवघड होते. निकाल कळला की माणूस घाबरतो, घाबरला की उपचार घेतो, आणि उपचार घेतला की अभ्यासातून जातो.

"काय निघालं हो तुकड्यात?" घरी बायकोने विचारले.

"ते गोपनीय आहे."

"कोणापासून?"

विभागप्रमुखांनी नियम मनातल्या मनात पुन्हा वाचला. "मुख्यतः माझ्यापासून."

"पण तुम्हीच पाहिलंत ना?"

"विभागप्रमुख म्हणून पाहिलं. नमुना देणारा म्हणून मला काहीच माहीत नाही."

नियमाला अपवाद करावा का, हे ठरवायला समिती बसली. समितीने अज्ञात दात्याच्या धैर्याचे अभिनंदन केले आणि पुढची बैठक चार महिन्यांनी ठेवली. त्या बैठकीत मागच्या बैठकीचे इतिवृत्त मंजूर झाले. तोवर गाठ डोळ्याच्या दिशेने निघाली होती. दाढी करताना विभागप्रमुख आता आरशात फक्त हनुवटी पाहत.

शेवटी एके दिवशी बायको थेट कार्यालयात आली. त्यांच्या दारातले स्टूल रिकामेच होते. (शिपाई निवृत्त झाल्यावर जागा भरली नव्हती, आत सह्या जोरात चालू होत्या.) ती थोडा वेळ स्टुलावर बसली, मग आत गेली आणि तिने त्यांच्या हातातले पेन काढून घेतले.

"पुरे. उठा. खाली चला."

"अगं, नियम..."

"नियम तुम्हाला. मला कोणी काही कळवलेलंच नाही. मला नुसतं दिसतंय."

तिने त्यांना हाताला धरून जिना उतरवला. डॉक्टरांनी गाठ काढली, टाके घातले आणि विचारले, "एवढे दिवस काय करत होतात? डोळा गेला असता." विभागप्रमुखांना रडू फुटले. नमुना देणारा म्हणून त्यांनी ते आवरले नाही.

अभ्यास मात्र एकोणतिसांवरच प्रसिद्ध झाला. तळटिपेत नोंद आहे: 'नमुना क्रमांक तीसचा दाता अज्ञात कारणाने बरा झाल्यामुळे वगळण्यात आला.'

हसू आले असेल तर हरकत नाही. पण हे वाचताना तुमचे बोट एकदा तरी नाकाकडे, कानामागे किंवा मानेवर गेले आहे. (आता गेले.) तिथे जे लागले ते गेल्या वर्षीही होते. ते कशाने झाले हे तुम्ही घरच्यांना पटवूनही दिले आहे, आणि सोमवारी दाखवायला जायचे नक्की ठरले आहे. कोणत्या सोमवारी, ते गोपनीय आहे. मुख्यतः तुमच्यापासून.