आरपार तपासणी

निवृत्त ग्रंथपालांनी नवं घर बांधलं ते तळघरासाठी. जन्मभर जमवलेली चार हजार पुस्तकं तिथे ठेवायची होती. म्हणून ठेकेदाराने पायाच्या भिंतींना बाहेरून डांबराचा जाड लेप दिला, वर उष्णतारोधक फोमच्या पाट्या चिकटवल्या. आता माती लोटायची, की झालं.

पण माती लोटण्याआधी तपासणी आवश्यक होती. बांधकाम कार्यालयाचे तपासनीस आले, खड्ड्यात उतरले.

"लेप कुठाय?"

"पाट्यांच्या मागे," ग्रंथपाल म्हणाले.

"न दिसलेला लेप आम्ही गृहीत धरत नाही."

एक पाटी कापली. लेप दिसला. मग भिंतीसकट त्याची जाडी मोजायची निघाली. त्यासाठी गुडघाभर उंचीवर आरपार भोक पाडलं. माप चोख भरलं. ग्रंथपालांच्या जिवात जीव आला.

"आता हे बुजवतो," ठेकेदार म्हणाला.

"बुजवायचं नाही. तपासणी झाल्याचा तो एकमेव पुरावा आहे."

पुरावा तसाच ठेवून माती लोटली, पुस्तकांची खोकी तळघरात आली. आठवडाभर पाऊस लागला आणि तळघरात पाणी शिरलं, बरोबर गुडघ्यापर्यंत. बायकोने पुस्तकांची खोकी जिन्याने वर नेली, आणि ग्रंथपालांनी तक्रार नेली कार्यालयात.

तपासनीस गमबूट घालून आले. पाण्यात काठी उभी करून तासभर थांबले.

"पातळी सुतानेही उतरली नाही," ते समाधानाने म्हणाले.

"अहो, पण पाणी आत आहे!"

"आत आहे आणि आतच राहतंय. भिंत पाणी सोडत नाही. जलरोधक म्हणतात ते आणखी काय?"

तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र आलं: उत्कृष्ट श्रेणी. गावात आजवर कुणालाच मिळाली नव्हती. लोक अभिनंदनाला आले. बसायला जागा नव्हती, कारण दिवाणखान्यात पुस्तकं होती. ग्रंथपालांनी प्रमाणपत्राला चौकट करून घेतली.

महिन्याभराने शेजाऱ्याने पाया खणायला घेतला. कुंपणापाशी येऊन त्याने विचारलं, "काका, तुमचं काम कसं झालंय?"

ग्रंथपालांनी क्षणभर विचार केला. "थेंबभर पाझरत नाही," ते म्हणाले, आणि ठेकेदाराचा नंबर दिला.

"धडधडीत खोटं बोललात," ते आत आल्यावर बायको म्हणाली.

"खोटं कुठे? आणि आपण फसलो, हे त्याला सांगून आपलंच हसं करून घ्यायचं?"

शेजारीही पुढच्या वर्षी कुणाला तरी असाच नंबर देईल. तुमच्या घराचं काम कसं झालंय, हे म्हणूनच आम्ही तुम्हाला विचारत नाही. उत्तम झालंय, ठाऊक आहे.